नुसत्या फेऱ्या पुरेशा नाहीत

महोदय,

ज्येष्ठांनी रोज चालावे हा सल्ला बरोबर, पण अपुरा. चालण्याने दम टिकतो; मांड्यांची ताकद फारशी वाढत नाही, आणि तोल जाण्याचे, कमोडवरून उठता न येण्याचे मूळ बहुधा तिथेच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत पासष्टीपुढे आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल आणि शिवाय तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. यातला दुसरा भाग कोणी ऐकतच नाही.

घरी पारख सोपी आहे. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवावी (प्लॅस्टिकची हलकी नको, ती सरकते), हात छातीवर बांधून पाच वेळा उठावे-बसावे. १५ सेकंदांहून जास्त लागले तर ताकद घटली आहे. उपायही हाच: पावले गुडघ्यांच्या किंचित मागे, पुढे झुकून उठणे, तीन अंक मोजत सावकाश बसणे. आठ-दहा वेळा, थोडी विश्रांती, पुन्हा एकदा, दिवसाआड. बहुतेकजण धप्पकन बसतात. त्याने निम्मा व्यायाम बुडतो आणि मणक्याला दणका बसतो. श्वास रोखू नये, रक्तदाब चढतो. सोपे वाटू लागल्यावरही तेच दहा करत राहिले तर प्रगती थांबते.

चहा-खारीवर रात्र काढणाऱ्यांचे स्नायू मात्र व्यायामानेही भरत नाहीत. वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारूनच.

– एक फिजिओथेरपिस्ट, सातारा