जाड फाइल घेऊन आलेल्या एका पक्षकाराचे आभारपत्र

आदरणीय वकील मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र उघडपणे लिहीत असलो, तरी त्यात आपले नाव घातलेले नाही. आपल्याला ते आवडले नसते, याची मला खात्री आहे. गेल्या वर्षी मी आपल्यासमोर मध्यस्थीसाठी बसलो, तेव्हा माझ्या हातात एक जाड फाइल होती. मांजर दत्तक घेतल्याचा कागद माझ्या नावावर, मायक्रोचिपची नोंद माझ्या नावावर आणि नसबंदीपासून दात काढण्यापर्यंतची डॉक्टरांची बहुतेक बिले मीच भरलेली. लग्न न करता सहा वर्षे एकत्र राहून आम्ही दोघे वेगळे होत होतो आणि ठकी माझीच आहे, हे सिद्ध करण्याची माझी जय्यत तयारी होती. मी मांजर न घेता परतलो आणि तरीही आभार मानतो आहे, हे वाचणाऱ्यांना विचित्र वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपण मला खोटा धीर दिला नाही आणि उगाच घाबरवलेही नाही. बहुतेक ठिकाणचा कायदा पाळीव प्राण्याकडे जंगम मालमत्ता म्हणूनच पाहतो, हे आपण आधी स्पष्ट केले. अमेरिकेतील अलास्का राज्याने २०१७ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये न्यायाधीशांना प्राण्याच्या हिताचा किंवा देखभालीचा विचार करण्याची मुभा दिली खरी, परंतु त्या तरतुदी घटस्फोटाच्या दाव्यासाठी आहेत; ज्यांचे लग्नच झालेले नाही, त्यांच्यापुढे मालकीचा साधा दिवाणी वाद उरतो. प्राणी कोणी आणला, पैसे कोणी भरले, तो भेट म्हणून दिला होता का, दोघांत काही ठरले होते का, एवढ्यावरच मग सगळे येऊन ठेपते. माझ्या फाइलमधला चिपचा कागद बाजूला ठेवत आपण म्हणालात की, हरवलेले जनावर कोणाकडे पोहोचवायचे हे त्यावरून कळते, ते कोणाच्या मालकीचे आहे हे त्यावरून ठरत नाही. माझा निम्मा आत्मविश्वास तिथेच गळाला.

मग आपण अपवादही सांगितलेत. स्वित्झर्लंडच्या दिवाणी संहितेत २००३ पासून अशी तरतूद आहे की, सोबतीसाठी पाळलेल्या प्राण्याच्या सहमालकीवरून वाद झाल्यास, ज्याच्याकडे प्राण्याची अधिक चांगली सोय होईल त्याला न्यायालय एकट्याची मालकी देते आणि दुसऱ्याला योग्य भरपाईही देववू शकते. तिथे लग्नाची अट नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने जानेवारी २०२४ पासून आणि ऑस्ट्रेलियाने जून २०२५ पासून विवाहाविना संसार केलेल्या जोडप्यांनाही अशा तरतुदींच्या कक्षेत घेतले. माझ्या मनात मात्र अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे २००९ सालचे प्रकरण घर करून राहिले. साखरपुडा मोडलेल्या एका जोडप्याच्या पग कुत्र्याची किंमत खालच्या न्यायालयाने १,५०० डॉलर धरली, तेवढी रक्कम तिला देवविली आणि कुत्रा त्याच्याकडे ठेवला. अपील न्यायालयाने ते मान्य केले नाही. अशा प्राण्याला पैशात न मोजता येणारे मोल असू शकते आणि दोघांत तोंडी ठरलेली गोष्टही विचारात घ्यावी लागेल, असे त्याने म्हटले. पुढे कुत्रा पाच-पाच आठवडे आलटूनपालटून दोघांकडे राहावा, असे ठरले. मी लगेच म्हणालो, आपणही तसेच करू. कुत्रा माणसामागे जातो, मांजर जागेला धरून राहते, दर पाच आठवड्यांनी घर बदलणे ठकीला झेपेल का, असे आपण विचारलेत. माझ्याकडे उत्तर नव्हते.

आपण आम्हा दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकेक कोरा कागद दिलात आणि ठकीचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत लिहायला सांगितलेत. माझ्या सात ओळी झाल्या आणि त्यातल्या चार खर्चाच्या होत्या. माझ्या जोडीदारिणीने कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या: पहाटे चारला उशीवर पंजा ठेवते, वाडग्यातले पाणी पीत नाही, नळाची बारीक धार लागते, ढग गडगडले की कपाटाच्या खालच्या कप्प्यात जाते, तेव्हा दार थोडे उघडे ठेवावे, डाव्या कानाला हात लावू देत नाही. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून आपण चष्मा पुसत बसलात. एक अक्षर बोलला नाहीत. महिन्यातले पंधरा दिवस मी कामासाठी बाहेरगावी असतो, हे मग मीच सांगितले.

करारनाम्याबद्दल तर आपले आभार वेगळे मानायला हवेत, कारण तडजोड तोंडी झाली की आमच्यासारखी माणसे तिथेच थांबतात. मालकी तिच्या नावावर करणे, चिपची नोंद बदलणे, मोठ्या उपचारांचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेणे, तिला ठकीला सांभाळणे अशक्य झाले तर इतर कोणाला देण्याआधी मला विचारणे, आणि गंभीर आजारात दोघांनी मिळून निर्णय घेणे, हे सगळे आपण लिहून घेतलेत. आजाराचे कलम त्या दिवशी मला अतिशयोक्तीचे वाटले होते.

गेल्या महिन्यात ठकीच्या मूत्रपिंडाच्या तपासणीचा अहवाल आला आणि त्या कलमाप्रमाणे मला त्याच संध्याकाळी फोन आला. कातडीखाली सलाइन घरीच द्यायचे ठरले आहे. एकाने धरायचे आणि दुसऱ्याने टोचायचे, असे ते काम असल्यामुळे गावात असलो की मी जातो; करारात माझ्या भेटींचा उल्लेख नाही, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. मी दारात दिसलो की ठकी थेट कपाटात जाऊन बसते, कारण मी आलो म्हणजे सुई आली, हे तिने ओळखले आहे.

आपला कृतज्ञ,
एक जुना पक्षकार