एक आड एक सरी

पंचवटी, नाशिक

चि. माई, अनेक आशीर्वाद.

माझे टाके गुरुवारी निघतील, त्याविषयी आत्या सांगेलच. काल फोनवर आवाज चढवला, ते चुकलं. पण खालच्या वावरात एकदम पाणी सोडू नकोस, एवढंच सांगायचं होतं.

अठरा दिवस पाऊस नाही, कपाशी दुपारी मान टाकते, हे खरं. पण दुपारची मान सायंकाळी उठत असेल तर घाबरू नकोस. सकाळी आठला पानं लोंबलेली दिसली, तर मात्र उशीर झाला समज. खोडापासून वीतभर अंतरावर फूटभर खणून माती काढ. काळ्या मातीचा गोळा सुकत आली तरी वळतो, त्यावर विसंबू नकोस. अंगठ्याने दाबून पट्टी काढ. सहज लांबत गेली तर थांब, लगेच तुटली तर पाणी दे. वरचं मुरमाड वावर आठ-दहा दिवसांत मागतं, खालचं पंधरा-वीस दिवस धरतं. दोघांना एकच पाळी लावायची नाही.

द्यायचं ते एक आड एक सरी. उरलेल्या सऱ्या सात-आठ दिवसांनी. अर्ध्या मुळ्यांना हवा मिळते. भेगाळलेल्या जमिनीत सगळ्या सऱ्या भरल्या की पाणी भेगांतून खाली जातं, मुळ्या गुदमरतात आणि दीड-दोन दिवसांत उभं झाड माना टाकतं. यालाच आकस्मिक मर म्हणतात. मूळ उपटून बघ, कुजलेलं नसतं. ही बुरशी नव्हे, म्हणून दुकानदार देईल ते बुरशीनाशक एकटं ओतून भागत नाही. आधी साचलेलं पाणी काढ. मग 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरा पोटॅश आणि 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून झाडाला 100 मिलि आळवणी (बुडाशी ओतणं), तीही पहिल्या एक-दोन दिवसांत.

बघ, पुन्हा तेच सांगत बसलो. तू वहीत पाळ्यांच्या तारखा लिहितेस, ते मला पंचवीस वर्षांत जमलं नाही. आजी तर ढेकूळ फोडून नाकाशी धरायची. वही बरी.

वहीत आणखी एक रकाना कर: सर्वांत वरच्या पांढऱ्या फुलापासून शेंड्यापर्यंत किती पेरं. सात-आठ असली तर झाड जोमात, पाचाच्या खाली आली की वाढ थांबत आली. पाते (कळ्या), फुलं, बोंडं या काळात ताण बसला तरी पातेगळ, पाणी जास्त झालं तरी पातेगळ. नुसती गळ बघून मोटार चालू करायची नाही, आधी माती.

वरच्या वावरातल्या ठिबकला तासाला 4 लिटरचे ड्रिपर आहेत, दोन फूट बाय पाच फूट अंतरावर. तासाला सव्वाचार मिलिमीटर पडतं. ठिबकने थोडं थोडं द्यायचं असतं, म्हणून आता एक दिवसाआड दोन तास पुरे. फिल्टरच्या आतल्या-बाहेरच्या दाबात (चौरस सेंटिमीटरला) अर्धा किलोचा फरक दिसला की जाळी धू. तिसरा हिस्सा बोंडं फुटली की पाणी बंद. फरदड, म्हणजे वेचणीनंतर पुन्हा पाणी देऊन राखलेली कपाशी, ठेवायची नाही, अण्णाकाका काहीही म्हणोत. गुलाबी अळीला आपणच घर द्यायचं का?

या आठवड्यात मोटारीची थ्री फेज लाइट रात्रीची आहे ना? लाइट आली म्हणून सऱ्या भरायच्या नसतात, हे परत लिहीत नाही. रात्री जायचंच झालं तर अण्णाकाकांना उठव. डीपीचा (ट्रान्सफॉर्मरच्या पेटीचा) फ्यूज तू घालू नकोस. बूट घाल. टॉर्च कपाटात, सेल मात्र नवे आण.

तुझा,
दादा