गोठ्यातल्या मामांना

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

एम.व्ही.एस्सी.च्या (पशुवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधात ऋणनिर्देशाचं एक पान असतं. मार्गदर्शक, समितीचे सदस्य, अधिष्ठाता, आई-वडील, मित्र अशी नावं येतात आणि तळाशी एक ओळ येते : 'विभागातील सर्व कर्मचाऱ्यांचे आभार.' प्रयोगाच्या गोठ्यातलं तुमचं काम त्या ओळीत मावत नाही, म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितोय, कारण पशुपोषणशास्त्रात पुढे शिकायला निघालेल्या प्रत्येकाला यातलं काही ना काही लागणार आहे.

या वाटेला येणारे परीक्षेची तयारी करून येतात. बी.व्ही.एस्सी. झाली, इंटर्नशिप संपली, की भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची प्रवेश परीक्षा नाहीतर माफसूच्या (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या) जागा. कुणाच्या डोळ्यांसमोर इज्जतनगरची पशुवैद्यक संशोधन संस्था असते, कुणाच्या कर्नालची दुग्ध संशोधन संस्था. कृषी पदवीधर राहुरीसारख्या ठिकाणी पशुसंवर्धन व दुग्धशास्त्रात एम.एस्सी. करतात. पुढे नेट ही पात्रता परीक्षा, सहायक प्राध्यापकाची जागा किंवा पशुखाद्य कारखान्यात पोषणतज्ज्ञाची नोकरी. याची माहिती चार ठिकाणी मिळते. पण प्रबंध ज्यावर उभा राहतो तो आहार प्रयोग साधारण ९० दिवसांचा, आणि तो हाताने कसा करायचा हे पुस्तकात दीड पानात आटोपलेलं असतं. उरलेलं तुम्ही शिकवलंत.

सुरुवात चाऱ्यापासून. १८ बोकड, ६-६ चे तीन गट, रोज प्रत्येकी ३०० ग्रॅम भुसकट धरलं तर ९० दिवसांत ४८६ किलो होतं. चघळ (जनावराने न खाता उरवलेला चारा) आणि नासाडी धरून ६०० किलो एकदमच, एकाच शेतकऱ्याकडून घ्यायला तुम्ही लावलंत. निम्मा प्रयोग झाल्यावर दुसऱ्या खळ्यावरचं भुसकट आलं, तर त्यातला पाला-काडीचा हिशेब वेगळा असतो आणि वजनवाढीतला फरक आहारामुळे की भुसकटामुळे हे कुणालाच सांगता येत नाही. हिरव्या चाऱ्याचा नमुना मात्र रोज ओव्हनमध्ये लावायचा, कारण पावसाळ्यात त्यातलं पाणी दिवसागणिक बदलतं.

जंतनाशक प्रयोगाच्या पंधरा दिवस आधी, पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगांच्या लसी त्याच्याही आधी. खुराक हळूहळू वाढवायचा. एकदम वाढवला तर पोटात आम्लता होते, बोकड खायचं सोडतो आणि हगवण लागते. संकलनाच्या, म्हणजे लेंड्या-लघवी गोळा करायच्या आठवड्यात हगवण लागलेल्या जनावराचे आकडे घेता येत नाहीत. सहाच्या गटातून एक गेला तरी फरक सिद्ध करणं अवघड होतं, दोन गेले तर परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतो. आणि हे सगळं संस्थेच्या प्राणी आचार समितीची मंजुरी हातात आल्यावरच. मंजुरीची तारीख प्रयोगाच्या नंतरची निघाली, तर शोधनिबंध परत येतो.

वजन पहाटे, चारा-पाणी देण्याआधी, लागोपाठ दोन दिवस घ्यायचं आणि सरासरी मांडायची. बोकड रोज ६० ग्रॅम वाढत असेल तर पंधरवड्यात ९०० ग्रॅम होतात. पाणी पिऊन काट्यावर चढलेल्या बोकडाच्या पोटातच अर्धा-पाऊण किलोचा फरक असतो. म्हणजे जे मोजायचं तेच झाकलं जातं. तुम्ही पाण्याच्या बादल्या रात्रीच बाहेर काढून ठेवायचात, कुणी सांगितलं नाही तरी.

आता चघळाबद्दल, कारण तुमच्याकडून घेतलेली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे. दिलेल्या चाऱ्यातून उरलेलं चघळ वजा केलं की खाल्लेला चारा निघतो, हे सोपं वाटतं. पण शेळी पाला निवडून खाते, शेंगांची टरफलं खाते, दांडा ठेवते. गव्हाणीत सकाळी उरतं ते दिलेल्या चाऱ्यासारखं नसतंच. समजा, ५०० ग्रॅम शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा चारा) दिला, त्यात प्रथिनं १० टक्के, म्हणजे ५० ग्रॅम. चघळ १०० ग्रॅम उरलं. चघळातही १० टक्केच प्रथिनं धरली तर बोकडाने ४० ग्रॅम प्रथिनं खाल्ली असं निघतं. ते चघळ सगळं दांड्याचं असेल आणि त्यात प्रथिनं ५ टक्केच असतील, तर खाल्लेली प्रथिनं ४५ ग्रॅम. लेंड्यांतून १८ ग्रॅम बाहेर पडली असं धरा. पहिल्या हिशेबाने पचनीयता, म्हणजे खाल्लेल्यातला पचलेला हिस्सा, ५५ टक्के, दुसऱ्याने ६०. पाच टक्क्यांचा फरक फक्त चघळाचा नमुना वेगळा तपासला नाही म्हणून. अनेकदा दोन आहारांतला खरा फरकही एवढा नसतो.

म्हणून प्रत्येक बोकडाचं चघळ वेगळ्या पिशवीत, गव्हाणीचे कोपरे हाताने पुसून, खाली सांडलेल्या काड्या वेचून. सांडलेलं आणि लघवीने भिजलेलं वेगळं ठेवायचं, कारण ओल्या काडीचं वजन खोटं आणि तिच्यातला नत्रही बाहेरचा. कुट्टी बारीक केली की निवडणं कमी होतं, पण थांबत नाही. आणि रोज खाण्यापेक्षा १० ते १५ टक्के जास्त टाकायचं. गव्हाण चाटून-पुसून साफ दिसली की नवख्याला आनंद होतो. तुम्ही मात्र लगेच विचारायचात, 'हा उपाशी तर नाही राहिला?'

पचनीयता प्रयोगात सुरुवातीचे सुमारे २१ दिवस सवयीचे आणि शेवटचे ७ दिवस संकलनाचे. लेंड्यांच्या पिशवीचा पट्टा कसा बांधायचा हे शब्दांत सांगणं कठीण, पण प्रयत्न करतो. पाठीवरचा पट्टा आणि कातडी यांत दोन बोटं सरकली पाहिजेत. घट्ट झाला तर मांडीच्या आतल्या बाजूला खरचटतं, बोकड कमी खातो आणि आकडे आजारी जनावराचे येतात. सैल झाला तर बसताना लेंड्या बाजूने गळतात. पिशवी सकाळ-संध्याकाळ रिकामी करायची. २४ तासांच्या लेंड्या एकत्र करून, तोलून, नीट मिसळून दहावा हिस्सा शुष्क पदार्थासाठी घ्यायचा. नत्रासाठीचा नमुना ताजाच, पातळ गंधकाम्लात ठेवायचा. ओव्हनमध्ये वाळवून मग नत्र काढला तर अमोनिया आधीच उडालेला असतो आणि प्रथिनांची पचनीयता उगाच जास्त दिसते. लघवीच्या बाटलीतही आम्ल आधी घालायचं, मागाहून नाही. बोकडच घेतात त्याचंही कारण हेच : नराची लघवी आणि लेंड्या वेगळ्या गोळा करता येतात.

प्रयोगशाळेत तर तुमची नजरच वेगळी. नत्र मोजायच्या केल्डाल फ्लास्कच्या मानेला चिकटलेला काळा कण लांबून दिसायचा तुम्हाला. तो तसाच राहिला तर तेवढा नत्र मोजणीतून सुटतो. म्हणून सुरुवातीला आच मंद, फेस बसल्यावर वाढवायची, अधूनमधून फ्लास्क फिरवून कण आम्लात घ्यायचे, आणि द्राव स्वच्छ निळसर-हिरवा झाला तरी थोडा वेळ तापवायचं. ऊर्ध्वपातनात ४० टक्के कॉस्टिक सोडा घातल्यावर फ्लास्कमधलं पाणी काळपट झालं पाहिजे, नाहीतर सोडा कमी पडला आणि अमोनिया आतच राहिला. कंडेन्सरचं टोक बोरिक आम्लात बुडालेलं हवं. गुलाबी द्राव हिरवा झाला की अमोनिया आला, टायट्रेशनला (थेंबाथेंबाने आम्ल टाकून मोजताना) पुन्हा गुलाबी. नमुना कागदात गुंडाळला असेल तर कोऱ्या (नमुन्याशिवायच्या) चाचणीतही तोच कागद, हे तुम्ही प्रत्येक तुकडीला सांगता आणि प्रत्येक तुकडीत कुणीतरी विसरतं.

खाद्य कारखान्यात गेलेल्यांना याचा रोज उपयोग होतो. केल्डाल सगळा नत्र मोजतो, तो कुठून आला हे सांगत नाही. युरियात ४६ टक्के नत्र असतो. नत्रावरून प्रथिनं काढायला ६.२५ ने गुणतात, तसं गुणलं तर २८७.५ टक्के. पेंडीत कुणी एक टक्का युरिया मिसळला की प्रथिनं जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढलेली दिसतात. आकडा फार चांगला आला की पेंड हातावर घेऊन बघायची, वास घ्यायचा, युरियाची वेगळी चाचणी लावायची. आणि राख जास्त आली तर आम्लात न विरघळणारी राख काढायची, म्हणजे वाळू किती ते कळतं.

पदवीच्या कागदावर तुमचं नाव येत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं. निदान पुढच्या प्रबंधांत 'सर्व कर्मचारी' असं न लिहिता तुमचं नाव आणि तुम्ही काय केलंत ते लिहिलं जावं, असं विभागाकडे मागितलं आहे.

नव्या तुकडीसाठी गोठ्याची वही आखून ठेवली आहे. तारीख, बोकडाचा बिल्ला क्रमांक, दिलेला चारा, सांडलेलं, चघळ. चघळाच्या रकान्यापुढे तुम्ही सांगितल्याप्रमाणे आणखी एक रकाना ठेवला आहे : नमुना घेतला का, आणि कुणी.

आपले,
पशुपोषणशास्त्र विभागातले पदव्युत्तर विद्यार्थी