गाडी फक्त 10 मिनिटं लेट? मग आमचे 5 तास कुठं गेले?

प्रति,
कस्टमर केअर

विषय: काशी-प्रयाग-अयोध्या यात्रा ट्रेन, तुमचं 4.8 रेटिंग आणि आमचं उपाशी येणं

नमस्कार,

मागच्या महिन्यात मी आणि आई (वय 76) तुमच्या यात्रा ट्रेनने जाऊन आलो, नाशिकरोड ते नाशिकरोड, कोच बी-4, बर्थ 17 आणि 18. दर्शनं छान झाली, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आल्यावर तक्रार टाकली तर तुमचा मेल आला की फेरीची कामगिरी समाधानकारक, परतीला 10 मिनिटं उशीर, प्रवाशांचं रेटिंग 4.8. मी तीनदा वाचला, मला वाटलं दुसऱ्याच कुठल्या गाडीचा मेल चुकून मला आला.

आधी त्या 10 मिनिटांचं बोलू. तिकिटावर नाशिकरोडला पोचायची वेळ रात्री 9.30, पोचलो पहाटे 2.40 ला. त्या दिवशी दुपारी 4 वाजता तुमचा मेसेज आला होता, "सुधारित आगमन 02.30", आणि तुम्ही उशीर मोजला तो त्या सुधारित वेळेपासून. वा! म्हणजे गाडी जितकी लेट होईल तितकं वेळापत्रक पुढं सरकवायचं आणि शेवटी म्हणायचं की बघा, वेळेवर आली. हे असं मोजलं तर जगात कुठलीच गाडी लेट नाही.

मी 19 वर्षं पंचवटी एक्स्प्रेसने नाशिक-मुंबई अप-डाऊन केलंय, त्यामुळे गाडी लेट होते म्हणजे काय हे मला माहितीये, संध्याकाळी कसाऱ्याला मागून बँकर, म्हणजे घाट चढायला ढकलणारी जादा इंजिनं, लागली की घरी किती वाजता पोचणार हे घड्याळ न बघता सांगायचो आम्ही. त्यामुळे सगळा उशीर तुमच्यावर ढकलत नाहीये. रेल्वेच्या भारत गौरव योजनेत (यात्रेच्या गाड्या बाहेरच्या कंपन्यांना चालवायला देतात ती) डबे तुम्ही भाड्याने घेता, इंजिन, ड्रायव्हर, सिग्नल सगळं रेल्वेचं, हे कळतं मला. पण त्याच योजनेत तिकिटाचा दर ठरवायची मोकळीक तुम्हाला आहे आणि डब्यातलं जेवणखाण, साफसफाई हे तर तुमचंच काम, त्याचेच तर जास्तीचे पैसे घेता. मग त्याचा हिशोब कोण ठेवतो?

आता जेवण. परतीच्या दिवशी दुपारचं जेवण आलं 4.10 ला, भात गार आणि वरण म्हणजे पिवळं पाणी. ठीक आहे, खाल्लं. रात्रीचं विचारलं तर तुमचा मॅनेजर म्हणाला की काका, प्लॅनमधे आजचं डिनर नाहीच कारण गाडी साडेनऊला पोचणार होती. अहो पण पोचणार नाही हे तुम्हाला 4 वाजताच माहीत होतं ना, मेसेज तुम्हीच पाठवला! मधे भुसावळला गाडी थांबली तेव्हा चार पाकीटं खिचडी चढवता आली नसती का? प्रत्येकी एक बिस्किटाचा पुडा मिळाला, तोही गोड, आणि आईला शुगर आहे, बुकिंगच्या फॉर्मवर तसं लिहूनही दिलं होतं. शेवटी शेजारच्या कप्प्यातल्या सिन्नरच्या मावशींनी पिशवीच्या तळाशी उरलेला चिवडा काढून दिला, आईने तो वाटीत पाण्यात भिजवून खाल्ला कारण तिला दात नाहीत. हे तुमच्या 4.8 मधे कुठं बसतं ते सांगा.

आणि ते 4.8 कसं आलं तेही मी बघितलंय. जाताना पहिल्याच रात्री, जळगाव यायच्या आधी, जेवणात गुलाबजाम होता. ताटं उचलली जात होती तेवढ्यात एक पोरगा टॅब घेऊन आला, "आजी, फाईव्ह स्टार टाकू ना?" आई म्हणाली टाक बाबा, जेवण चांगलं होतं. लगेच माझ्या मोबाईलवर ओटीपी, तो त्याने घेतला आणि पुढच्या बर्थवर गेला. सात दिवसांची यात्रा, आणि फीडबॅक पाच तासांत! घरी आल्यावर मी लिंक उघडली तर येतं, "आपला अभिप्राय आधीच नोंदवला आहे". लग्नात पंगत बसायच्या आधीच आहेराची यादी वाचल्यासारखं झालं हे.

माझा भाचा इंग्लंडला रेडिंगला असतो, त्याला हे सांगितलं तर खूप हसला. तिकडं 1996 पासून पार कोविडपर्यंत खाजगी कंपन्यांना फ्रँचायझी देऊन गाड्या चालवायचे, आता एकेक करून परत सरकारकडं घेताहेत. तिकडंही आधी पळवाट होतीच, शेवटच्या स्टेशनला 5 मिनिटांच्या आत आणि लांबच्या गाडीला 10 मिनिटांच्या आत पोचली की वेळेवर धरायचे, मधल्या स्टेशनवाल्यांनी बसावं बोंबलत. पण 2019 पासून मधल्या स्टेशनांवरही एका मिनिटाच्या आत आली का ते मोजून आकडे लोकांसमोर ठेवतात. 3 मिनिटं किंवा जास्त उशीर झाला तर तो कुणामुळे, रुळवाल्यांमुळे की गाडीवाल्यांमुळे, तेही खात्यावर टाकतात आणि बऱ्याच कंपन्या 15 मिनिटांच्या उशिरापासून थोडे पैसे परत देतात. इतकं लांब कशाला, आपल्याकडं आयआरसीटीसीने दिल्ली-लखनौ तेजस एक्स्प्रेस सुरू केली 2019 ला तेव्हा तासाच्या वर उशीर झाला तर 100 आणि दोन तासांच्या वर 250 रुपये देणार असं जाहीर केलंच होतं की.

मला फार काही नकोय. दोघांच्या रात्रीच्या जेवणाचे पैसे परत द्या, आणि पहाटे पावणेतीनला जेल रोडपर्यंत रिक्षावाल्याने 250 घेतले तेही द्या. तुम्ही म्हणाल नोटांची प्रेस तुमच्या घराजवळच आहे, पण आम्हाला तिथून फुकट मिळत नाहीत. परतीचा उशीर मूळ 9.30 पासून मोजून, त्यातला रेल्वेमुळे किती आणि तुमच्यामुळे किती, हे लेखी कळवा. आणि आईच्या नावाने टाकलेले पाच स्टार काढा. ती स्वतः म्हणते दोन ठेव, एक दर्शनाचा आणि एक गुलाबजामचा.

15 दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक आयोगात जाईन, तिकीट, मेसेज, मेल सगळ्याच्या प्रिंट काढून ठेवल्यात. आणि त्या टॅबवाल्या पोराचा पगार कापू नका, बिस्किटं संपल्यावर स्वतःचा पुडा त्याने आमच्या कप्प्यात दिला होता.

कोच बी-4, बर्थ 17 आणि 18
नाशिकरोड