म्हसरूळच्या काकांना, एका डॉलरच्या चिन्हाबद्दल

आदरणीय काका,
सा. न.

सोसायटीच्या ग्रुपवर आभार मानले असते तर तुम्ही नुसता अंगठा टाकून मोकळे झाला असता. म्हणून हे चार लोकांत लिहिते आहे.

पाथर्डी फाट्याजवळच्या सहा मजली इमारतीचे कॉलम मी डिझाइन करत होते. त्या रात्री लाइट गेली, लॅपटॉपही मान टाकायला आला, आणि मी एक्सेलमधल्या हिशोबाची प्रिंट घेऊन खाली तुमच्याकडे आले. मेरीतून (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेतून) निवृत्त होऊन तुम्हाला इतकी वर्षं झाली, तरी कागद हातात येताच तुम्ही पेन्सिलच शोधलीत. आधी कॉलम शॉर्ट आहे ना ते पाहिलंत. कॉलमची उंची भागिले त्याची जाडी हे गुणोत्तर दोन्ही बाजूंनी १२ च्या आत होतं, तो विषय तिथेच संपला.

मग कोपऱ्यातला कॉलम. ३०० बाय ४५० मिमी, एम २५ प्रतीचं काँक्रीट, १६ मिमीच्या आठ सळ्या. मधल्या कॉलमला समोरासमोरच्या बीम एकमेकींना सांभाळून घेतात; कोपऱ्यातल्याला दोनच बीम आणि त्याही काटकोनात, त्यामुळे मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, दोन्हीकडून. हे मला पाठ होतं. पण तुम्ही नातवाचं खोडरबर घेऊन त्याच्या एका कोपऱ्यावर पेन्सिल दाबलीत. तो कोपरा चेपला आणि तिरका समोरचा टेबलावरून उचलला गेला. "न्यूट्रल अ‍ॅक्सिस म्हणजे दाब संपून ताण सुरू होतो ती रेषा; ती अशी तिरपी जाते. ती नेमकी शोधायला दर वेळी कुठे बसणार? म्हणून हे सूत्र." दोन्ही बाजूंची मोमेंटची गुणोत्तरं (आलेला मोमेंट भागिले पेलवणारा), प्रत्येकाला अल्फाचा घात, आणि बेरीज १ च्या आत. हा अल्फा कॉलमवरच्या लोडवर ठरतो. काँक्रीटच्या भारतीय मानकाचं, आयएस ४५६ चं, कलम ३९.६. परीक्षेत मी ते डोळे मिटून लिहिलं होतं.

तुम्ही शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलंत. "वर लोड कमी होत जातो ना गं? मग अल्फा सगळ्या मजल्यांना १.३८ कसा?"

काका, तुम्ही एक्सेल कधी उघडलेलंही नाही. तळमजल्याचा अल्फा जिथे काढला होता, त्या सेलला मी डॉलर लावून ठेवला होता; डॉलर लावला की सूत्र कुठेही ओढलं तरी एक्सेल तोच सेल धरून बसतं. सूत्र खाली ओढलं, लोड बदलले, अल्फा मात्र खुंटीला बांधलेला राहिला. तळाला लोड ९०० किलोन्यूटन, कॉलमची निव्वळ दाबाची क्षमता साधारण २१०४, गुणोत्तर ०.४३, अल्फा १.३८. तिथपर्यंत बरोबर. सर्वांत वर लोड फक्त १५०. गुणोत्तर ०.२ च्या खाली गेलं की अल्फा सरळ १. माझ्या शीटमध्ये वरच्या कॉलमची गुणोत्तरं ०.६२ आणि ०.५५ होती, आणि त्यांची बेरीज ०.९६ दाखवून शेजारी हिरवं 'ओके' झळकत होतं. खरी बेरीज १.१७.

मी म्हटलं, "पण वर तर लोड कमीच आहे." त्यावर तुम्ही हसलात. "थोडं वजन कॉलमला धरून ठेवतं, ताण येऊ देत नाही. ते गेलं की सगळं लोखंडावर येतं." मग तुमची एसपी १६, डिझाइनच्या आलेखांची पुस्तिका, काढलीत, १९८० ची, पाठीला खाकी चिकटपट्टी. त्यातल्या चार्ट ६४ वर मला स्वतःला बिंदू टाकायला लावलात. तो अल्फा १ च्या सरळ रेषेच्या बाहेर पडला. घरातल्या घरात, मेणबत्तीच्या उजेडात इतकं ओशाळायला होईल असं वाटलं नव्हतं.

नशीब, ड्रॉइंग अजून साइटवर गेलं नव्हतं. वरच्या दोन मजल्यांना कोपऱ्यांत २० मिमीच्या सळ्या केल्या, मधल्या चार १६ च्याच ठेवल्या. बेरीज १ च्या आत आली. कॉन्ट्रॅक्टरने ड्रॉइंग दोनदा उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, वर जाताना लोखंड वाढतं का कुठं?" मी त्याला खोडरबर दाखवलं. त्याला पटलं की नाही देव जाणे, सळ्या मात्र त्याने २० च्याच बांधल्या.

तुम्ही मला एकदाही 'चुकलीस' म्हणाला नाहीत, हे मला घरी आल्यावर जाणवलं. काकूंनी मध्येच चिवडा आणून ठेवला होता, तो मी एकटीने संपवला, त्याचेही आभार.

रविवारी सकाळी येते. या वेळी जिन्याच्या मधल्या लँडिंगला अडकलेला कॉलम आहे, आणि शीटमध्ये डॉलर कुठेकुठे आहेत ते मी आधीच तपासून आणते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची