मिस्सात रेडिमेड रिदम कशाला?

संपादक महोदय,

आमच्या वसईत मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) मराठीत झाली ते उत्तमच झालं, शब्द कळतात म्हणून लोक मनापासून गातात, पण म्हणून लॅटिन ग्रेगोरियन गायन, म्हणजे चर्चचं जुनं पारंपरिक गायन, पार सोडून द्या असं कोणी सांगितलं होतं? उलट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ मध्ये त्याला मानाचं स्थान दिलंय आणि १९७४ मध्ये पोप पॉल सहावे यांनी सोप्या चालींची छोटी पुस्तिका जगभरच्या बिशपांना पाठवली, निदान एवढं तरी सगळ्यांना यावं म्हणून. आता बऱ्याच ठिकाणी कीबोर्डवर रेडिमेड रिदम लावतात, अगदी प्रायश्चित्तकाळातसुद्धा (ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस) मधले म्युझिक पीस जोरात, खरं तर लेतारे रविवार (या काळातला चौथा रविवार) आणि मोठे सण सोडले तर तेव्हा वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून वाजवायची असा नियम आहे. ग्रेगोरियन गायनात ठेका नसतोच हो, चार रेषांवरचं नोटेशन, शब्द जाईल तसा सूर जातो, आपल्या आलापासारखा मोकळा. क्वायरमास्तरांना कळकळीची विनंती, प्रॅक्टिसला थोडा वेळ काढून 'सांक्तुस' ('पवित्र, पवित्र') आणि 'आग्नुस देई' ('देवाचे कोकरू') ही मिस्सातली लॅटिन गीतं तरी वाद्याशिवाय बसवा, बाकी सगळं मराठीतच राहू दे. पोरं लगेच उचलतात.

– एक क्वायर मेंबर, वसई