झेरॉक्सवाल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चल, गिऱ्हाईक बघ" म्हणता, म्हणून हे पत्र दुकानाच्या काचेवर लावतोय. आंबेगाव-धनकवडीतल्या बाकी दुकानदारांनीही वाचलं तर बरंच आहे.

इंजिनिअरिंगच्या पोराला कामावर ठेवताना सगळे विचारतात, आठवड्याला किती तास देशील? तुम्ही विचारता, टाइमटेबल आण, प्रॅक्टिकलची बॅच कुठली, इन-सेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) कधी? तासांचा हिशोब तसा जमतो. आठवड्याचे 168. झोपेचे 49, कॉलेजचे साधारण 32, आंघोळ-मेस-बसचे 28. उरले 59. तुमच्याकडे साडेसहा ते साडेनऊ असे पाच दिवस आणि रविवारी चार तास, म्हणजे 19. हातात 40 राहतात आणि एरवी ते पुरतात. पण इन-सेम, सबमिशन (फाइली सह्या घेऊन जमा करायच्या) आणि ओरल-प्रॅक्टिकल या तीन आठवड्यांत ते कुठेच पुरत नाहीत. काम सुटतं किंवा विषय राहतो, तो याच आठवड्यांत.

त्यावरचा तुमचा इलाज भिंतीवरच्या कालनिर्णयवर आहे. इन-सेमच्या चौकटी लाल, सबमिशनच्या हिरव्या, आणि प्रत्येक चौकटीत पेन्सिलने नावं. बदली आपसात ठरवा, पण पेन्सिलने खोडून दुसरं नाव लिहिल्याशिवाय ती धरायची नाही. शिवाय एका वर्गातली दोन मुलं घ्यायची नाहीत, कारण त्यांचा पेपरही एकच आणि सबमिशनही एकच, मग दोघं एकाच दिवशी सुट्टी मागणार.

सगळ्यात मोठे आभार मात्र तुमच्या नकाराचे. टर्मच्या पहिल्या महिन्यात कॉलेज निवांत असतं, तेव्हा जास्तीची ड्यूटी मागायला सगळे येतात आणि तुम्ही देत नाही. पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या पॅटर्नमध्ये इन-सेम 30 मार्कांची, पहिल्या दोन युनिटांवर, आणि एन्ड-सेम, म्हणजे शेवटची परीक्षा, 70 ची, पुढच्या चारांवर. ती पहिली दोन युनिटं नेमकी त्याच निवांत महिन्यात शिकवून होतात आणि एन्ड-सेमला परत येत नाहीत. "शेवटी भरून काढू" म्हणणाऱ्याला भरायला जागाच उरत नाही. प्रॅक्टिकलचंही तसंच. फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये बर्नोलीच्या प्रयोगाचा सेटअप एकच असला आणि आपली पाळी चुकली, तर पुढच्या आठवड्यात बॅच दुसऱ्या प्रयोगावर गेलेली असते. मग रीडिंग मित्राच्या फाइलमधून, आणि ओरलला तोंड बंद.

थिअरी बसमध्ये वाचून होते, एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) होत नाही, ते हाताने सोडवावं लागतं. मशीन मिनिटाला 40 पानं काढतं. 400 कॉप्यांची ऑर्डर लागली की दहा मिनिटं मिळतात, म्हणजे एलडीईचं (लिनिअर डिफरन्शियल इक्वेशनचं) एक गणित. वाया गेलेल्या पाठकोऱ्या पानांचा गठ्ठा तुम्ही ड्रॉवरमध्ये त्यासाठीच ठेवता. सुट्टे पैसे मोजताना मात्र वही बंद, हेही योग्यच.

सबमिशनचा आठवडा म्हणजे खरी पंचाईत. आम्हाला सर्वात कमी वेळ आणि दुकानाला सर्वात जास्त गर्दी, दोन्ही एकदमच. सर इंडेक्सवर सह्या शेवटच्या दोन दिवसांत करतात, म्हणून सगळे त्याच दोन दिवसांत धावत येतात. तुम्ही कॉलेजवार सर्टिफिकेट आणि इंडेक्सची पानं तीन आठवडे आधी काढून ठेवता. त्या दोन संध्याकाळी काउंटरवर पुतण्या बसतो आणि आम्हाला सकाळी सात ते साडेआठ बाइंडिंगचं काम देता. त्यात घाई नसते, फक्त डोळे लागतात: डावीकडे दीड इंच समास सोडलाय ना, नाहीतर अक्षरं शिलाईत जातात. प्रोजेक्ट रिपोर्टच्या काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरं उठवण्याआधी प्रूफवर गटातल्या एकाची सही. गाइडच्या नावात एक वेलांटी चुकली की कव्हर फुकट.

पावसाळ्यात फोडलेलं रिम उघडं ठेवलं की कागद दमट होऊन वाकतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात आणि मशीन अडकतं. उरलेलं रिम परत वेष्टनात गुंडाळून पिशवीत ठेवायचं आणि ट्रेमध्ये घालण्याआधी गड्डी पत्त्यांसारखी फुलवायची, हे शिकवलंत. कुठल्याही सिलॅबसमध्ये नाही.

पैशांचं थोडक्यात: पगार 5 तारखेला. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख त्याआधी आली तर अर्धी उचल, वहीत सहीसकट. लेट फी वाचते आणि कुणासमोर हात पसरावा लागत नाही.

नव्या टर्मचं टाइमटेबल लागलं की चौघांचे फोटो पाठवतो. थर्ड इयरच्या दोन बॅचेसची प्रॅक्टिकल्स यंदा साडेपाचपर्यंत आहेत म्हणे. त्या दिवसांची नावं पेन्सिलनेच लिहा.

तुमची,
संध्याकाळच्या ड्यूटीची मुलं